मीठ, साखर आणि पेशीचे दार

उसाचा आणि साखरेचा जिल्हा म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याची ख्याती आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या परिसरात लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. सहकाराची ही कथा सर्वांना ठाऊक आहे. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, अवर्षणाने गांजलेल्या जामखेड तालुक्यात, साखरेचा एक वेगळाच उपयोग गावोगावच्या स्त्रियांनी शिकून घेतला. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढ्याच सामग्रीवर त्यांनी जुलाबांनी कोमेजलेली बालके सावरली.

हा उपाय इतका साधा आहे की त्यामागे काही शास्त्र असेल अशी शंकाही येऊ नये. नुसते पाणी का पुरत नाही? मिठाबरोबर साखर कशासाठी? आणि दोन्ही मोजूनच का घालावयाची? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पातळ पटलात आहेत. प्रत्येक सजीव पेशीभोवती असणारे ते पेशीपटल होय. त्यातून पदार्थांची ये-जा कशी होते, हे समजावून घेतले म्हणजे घरच्या चमच्याचे मोलही आपोआप कळते.

पेशी आणि तिची सीमा

माणसाचे शरीर असो, उसाचे कांडे असो की ज्वारीचे पान असो, सर्वांची घडण पेशींची आहे. पेशीत अन्नाचे ज्वलन होते, नवे पदार्थ तयार होतात, टाकाऊ पदार्थ साचतात. हा व्यवहार चालावयाचा तर लागेल ते आत आले पाहिजे, नको ते बाहेर गेले पाहिजे आणि आतला ऐवज वाहून जाता कामा नये. या तिन्ही गोष्टींची जबाबदारी पेशीपटलावर असते.

हे पटल एका मिलिमीटरच्या सुमारे सव्वा लाखाव्या भागाएवढे जाड असते. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे बनलेले असते, असे गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासावरून दाखविले. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी त्याचे अधिक स्पष्ट चित्र मांडले. त्यांच्या मते पटल म्हणजे ताठ भिंत नसून तेलासारखा प्रवाही थर आहे आणि त्यात प्रथिनांचे रेणू जागोजाग रुतलेले आहेत.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे गृहिणीला सांगावयास नको. पटलाचा गाभा तेलकट असल्याने पाण्यात विरघळणारे पुष्कळसे पदार्थ त्यातून पार होऊ शकत नाहीत. प्राणवायू आणि कर्बद्विप्राणिद (कार्बन डायऑक्साइड) यांसारख्या वायूंचे लहान रेणू सहज पलीकडे जातात. साखरेचा रेणू मात्र मोठा आणि पाण्यात रमणारा, म्हणून तो अडतो. मिठातील सोडियमचा कण आकाराने लहान असला तरी विद्युतभारित असतो आणि पाण्याच्या रेणूंचा वेढा घेऊनच वावरतो, म्हणून तोही अडतो. मीठ आणि साखर या दोघांनाही पेशीच्या सीमेवर मुक्त प्रवेश नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

पाण्याची वाट : कैरीपासून मळ्यापर्यंत

पाण्याची गोष्ट निराळी आहे. काही पाणी पटलातून सरळ झिरपते आणि बरेचसे त्याच्यासाठी असलेल्या खास छिद्रांतून जाते. ही छिद्रे म्हणजे प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्याच होत. त्यांचे कार्य पीटर ॲग्रे या अमेरिकन संशोधकाने १९९२ मध्ये उघड केले आणि २००३ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पाण्याने कोणत्या दिशेने जावयाचे, हे ती छिद्रे ठरवीत नाहीत. पटलाच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढले जाते. या क्रियेस तर्षण अथवा परासरण असे म्हणतात.

तर्षणाचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात दर उन्हाळ्यात होत असतो. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटते. हे पाणी फोडींच्या पेशींतून बाहेर आलेले असते. उलट, सुकलेले बेदाणे पाण्यात टाकले की ते टपोरे होतात, कारण त्यांच्या आत साखर दाट असते आणि पाणी तिच्याकडे धाव घेते.

हाच नियम मळ्यातही लागू पडतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्याने जिल्ह्याच्या उत्तर भागातील शिवार हिरवे झाले. तथापि भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय नसताना वर्षानुवर्षे भरपूर पाणी देत राहिल्याने काही ठिकाणी भूजल वर आले. पाण्याची वाफ होऊन गेली आणि त्यातील क्षार मागे राहिले. अशा खारवट जमिनीत ओल असूनही पीक सुकलेले दिसते. मुळाच्या पेशींतील रसापेक्षा बाहेरचे पाणी अधिक क्षारयुक्त झाले की मुळांना ते ओढून घेणे कठीण होते आणि पीक भरल्या वाफ्यात तहानेने कासावीस होते. निचऱ्याची व्यवस्था करून चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढणे हा खारवट जमिनीवरचा उपाय आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तेथे त्याला हटविण्यासाठी जिप्सम घालावे लागते.

पाणी स्वतःहून कोठे जात नाही, विरघळलेले पदार्थ नेतील तिकडे ते जाते, हा या साऱ्याचा मथितार्थ आहे. म्हणून रुग्णाच्या आतड्यातील पाणी शरीरात घ्यावयाचे असेल तर त्याच्या पुढे जाणारा कोणी वाटाड्या हवा.

वाहक आणि पंप

मीठ व साखर यांना तेलकट थर पार करता येत नाही, पण पेशीला तर दोन्हींची गरज असते. ही अडचण पटलात रुतलेली प्रथिने दूर करतात. त्यांचे दोन प्रकार येथे लक्षात घ्यावयाचे आहेत.

पहिला प्रकार पंपाचा. प्रत्येक पेशी आपल्यातील सोडियम सतत बाहेर फेकत असते आणि पोटॅशियम आत घेत असते. हे काम करणारे प्रथिन डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून शोधले. त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पंपाच्या प्रत्येक फेऱ्यात सोडियमचे तीन कण बाहेर जातात, पोटॅशियमचे दोन कण आत येतात आणि त्यासाठी पेशीला इंधन खर्च करावे लागते. आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या पंपांवर खर्ची पडत असतो.

इतक्या खर्चाने साधते काय? पेशीच्या बाहेर सोडियमचा साठा उंचावतो आणि आत तो अत्यल्प राहतो. धरणात अडविलेल्या पाण्यासारखीच ही स्थिती आहे. भंडारदऱ्याचे पाणी उंचावरून खाली येताना जनित्र फिरविते. त्याचप्रमाणे बाहेर साठलेला सोडियम आत शिरू पाहतो, तेव्हा त्याच्या ओढीवर दुसरे एखादे काम उरकून घेता येते.

हे दुसरे काम करणारा प्रकार म्हणजे वाहक. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातील पेशींवर असा एक वाहक आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले तरच तो त्यांना आत नेतो. एकट्या सोडियमला किंवा एकट्या ग्लुकोजला या दाराने प्रवेश नाही. जोडीने येणाऱ्यांनाच आत घेणारे हे दार आहे, असे म्हटले तरी चालेल. ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात प्रथम मांडली.

आता पुढची साखळी सहज जुळते. सोडियम व ग्लुकोज जोडीने आत गेले की आतड्याच्या पोकळीपेक्षा पेशींच्या बाजूला विरघळलेले पदार्थ वाढतात. तर्षणाच्या नियमानुसार पाणी त्यांच्या मागोमाग जाते आणि तेथून रक्तास मिळते. मीठ आणि साखर हीच ती वाटाड्यांची जोडी होय.

(मोठे पदार्थ आत घेण्याची आणखी एक रीत पेशीजवळ आहे. पटलाची खोळ करून ती पदार्थ गिळून टाकते. पांढऱ्या रक्तपेशी रोगजंतूंना याच रीतीने गिळतात. प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध नसल्याने येथे केवळ उल्लेख केला आहे.)

जुलाबात बिघडते काय?

प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील दोनएक लिटर आपण प्यालेले असतो आणि बाकीचे लाळ, पित्त, जठररस इत्यादी पाचकरसांचे असते. निरोगी शरीर हा जवळजवळ सर्व द्रव परत शोषून घेते आणि पाव लिटरहूनही कमी पाणी मलावाटे बाहेर जाते. यावरून या व्यवहारात थोडी गडबड झाली तरी केवढी हानी होईल, याची कल्पना येते.

पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू नेमकी हीच गडबड करतात. ते एक विष सोडतात, हे कोलकात्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. त्या विषामुळे आतड्याच्या पेशींतील क्लोराइड बाहेर सोडणारी दारे उघडीच राहतात. क्लोराइडमागे सोडियम जातो, त्यांच्यामागे पाणी जाते आणि रुग्ण काही तासांतच शुष्क होतो.

तथापि या आपत्तीतही एक दार शाबूत राहते. सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने नेणाऱ्या वाहकाला त्या विषाचा उपद्रव होत नाही. म्हणून एका वाटेने पाणी बाहेर जात असतानाच दुसऱ्या वाटेने ते आत घेता येते. नुसत्या पाण्याला वाटाड्या नसल्याने ते पुरेसे शोषले जात नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यालाही जोडीदार नसतो. दोन्ही एकत्र दिली की दार उघडते.

प्रयोगशाळेतून छावणीत

डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाका येथे १९६८ मध्ये पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे असे द्रावण देऊन त्याचा गुण दाखवून दिला. तरीही शिरेवाटे सलाइन देणे हाच खरा उपचार, असे बहुतेक वैद्यक मंडळी मानीत होती. त्यांचा समज बदलण्यास एक मोठे संकट कारणीभूत झाले.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळील बनगाव येथे पटकीची साथ भडकली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे उपचार करीत होते. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या आणि त्या लावणारे प्रशिक्षित हातही पुरेनात. तेव्हा त्यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधविल्या. द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

उपचार डॉक्टरांच्या हातून आप्तांच्या हाती देता येतो, हे बनगावने सिद्ध केले. पण संकटाच्या छावणीत जे जमले ते एरवी, दूरच्या खेड्यात, रोजच्या जीवनात जमेल काय, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे एक उत्तर आपल्याच राज्यात मिळाले.

जामखेडचा वस्तुपाठ

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रस्ते तुटपुंजे, पाण्याचे दुर्भिक्ष आणि त्यातच १९७२ चा दुष्काळ. आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवसही पाहत नसत. अतिसार हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते.

आरोळे दांपत्याने यावर काढलेला मार्ग सर्वश्रुत आहे. गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावयाची आणि प्रकल्पाने तिला आरोग्यसेविकेचे शिक्षण द्यावयाचे. यांतील कित्येक स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. मूल जुलाबांनी बेजार झाले तर त्याला मीठ-साखरेचे पाणी कसे करून पाजावयाचे, हा त्यांच्या शिक्षणातील एक महत्त्वाचा धडा होता.

हा धडा शिकविणे वाटते तितके सोपे नव्हते. जुलाब होत असताना पाणी पाजले तर जुलाब वाढतात, तेव्हा पोटाला विश्रांती द्यावी, असा समज घरोघरी रुजलेला होता आणि तो सर्वस्वी निर्बुद्धपणाचा म्हणता येणार नाही. प्यालेले पाणी लगेच बाहेर पडताना आईला दिसत असे. आत शोषले गेलेले पाणी मात्र कोणालाच दिसत नाही. डॉक्टरांचा शब्द जिथे पोहोचत नव्हता, तिथे गावातल्याच, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या आणि स्वतः लेकरे वाढविलेल्या बाईचा शब्द पोहोचला.

पुढील दोन दशकांत या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी पन्नासच्या खाली आले. याचे श्रेय केवळ मीठ-साखरेच्या पाण्याला देणे योग्य होणार नाही. लसीकरण, पोषण, सुरक्षित बाळंतपण आणि पिण्याचे स्वच्छ पाणी यांचाही त्यात वाटा होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. २००५ पासून देशभर कार्यरत झालेल्या आशा स्वयंसेविकांच्या योजनेशी या कार्याचे नाते सहज ओळखता येते.

प्रमाण का पाळावयाचे?

घरी द्रावण करताना एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण काटेकोरपणे पाळावे. आपली साखर म्हणजे शुद्ध ग्लुकोज नव्हे. परंतु आतड्यात तिचे विभाजन होऊन निम्मे ग्लुकोज मिळते आणि वाहकाला तेवढे पुरते. मीठ घातलेली तांदळाची पेजही याच कारणाने गुणकारी ठरते, कारण पिष्टाचेही अखेर ग्लुकोजच होते.

साखर अधिक झाली तर द्रावण दाट होते आणि कैरीच्या फोडींवरील मिठाप्रमाणे ते शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढून घेते. परिणामी जुलाब वाढतात. अतिगोड शीतपेये अशा वेळी देऊ नयेत, ती याचसाठी. मीठ अधिक झाले तर रक्तातील सोडियम वाढून बालकाला धोका संभवतो. म्हणून पाजण्यापूर्वी आईने द्रावणाची चव घेऊन पाहावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

दवाखान्यात मिळणाऱ्या क्षारसंजीवनीच्या पुडीत पोटॅशियमही असते, म्हणून पुडी उपलब्ध असेल तर तीच वापरणे उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये या पुडीचे सूत्र सुधारले आणि द्रावण पूर्वीपेक्षा सौम्य केले. नव्या सूत्रात सोडियमचे कण आणि ग्लुकोजचे रेणू यांची संख्या समसमान ठेवलेली आहे. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि त्यापेक्षा मोठ्या मुलास अर्धा ते एक कप द्रावण थोडे थोडे करून पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्याही आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, पिणे बंद झाले, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होऊ लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे. द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत. गमावलेले पाणी व क्षार भरून काढणे हे त्याचे काम असून मूल त्यानेच वाचते.

ज्ञान आणि चमचा

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडवाहतुकीच्या शोधाची गणना शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. प्रागच्या परिसंवादात मांडलेली एक कल्पना वीस वर्षांच्या आत जामखेडच्या पाड्या-वस्त्यांवर पोहोचली, ही गोष्ट खचितच लहान नाही. तेथे तिला सूक्ष्मदर्शक लागला नाही की वीज लागली नाही. लागला तो समजून घेऊन मोजलेला चमचा आणि तो मोजावयास शिकविणारी गावातील एक स्त्री.

पावसाळ्याच्या आरंभी, पाणी गढूळ होऊ लागते त्या दिवसांत, प्रत्येक घरात क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या असाव्यात आणि घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस, पुरुषांसह, मीठ-साखरेचे प्रमाण तोंडपाठ असावे. पेशीचे ते दार रोगातही उघडण्यास सिद्ध असते. त्या दारापाशी मीठ आणि साखर यांची जोडी वेळेवर आणि योग्य प्रमाणात पोहोचविणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि एका बालकाच्या प्राणरक्षणास ते बहुतेक वेळा पुरेसे ठरते.